गावी एक वर्ष राहायचे असेल, तर जूनमध्ये बिऱ्हाड हलवू नका

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. तुम्ही दोघे बोरिवलीत राहता. मुलगी नुकतीच चार वर्षांची झाली आहे आणि मुलगा एक वर्षाचा आहे. यजमानांना घरून काम करण्याची मुभा आहे आणि तुम्हाला वर्षभराची बिनपगारी रजा मिळू शकते. संगमेश्वर तालुक्यातील सासऱ्यांचे घर गणपती आणि मे महिना सोडला तर बंदच असते. येत्या जूनपासून पुढच्या मेपर्यंत, म्हणजे शाळेचे वर्ष धरून, तिथे राहावे, घरापुरते भात आणि भाजी पिकवावी, जमल्यास एक गाय पाळावी, असा तुमचा बेत आहे. दोन लहान मुलांना घेऊन हे जमेल का आणि सुरुवात कशापासून करावी, हा प्रश्न आहे.

जमेल. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत शेतीविस्ताराच्या नोकरीत माझी उमेदीची वर्षे गेली; निवृत्तीनंतर मुलुंडला राहतो, आणि गावच्या बंद घराचे कुलूप काढू पाहणारी मुंबईची तरुण कुटुंबे अधूनमधून सल्ल्यासाठी येतात. त्यांच्यापैकी जी वर्ष पुरे करून आनंदाने परतली आणि जी श्रावणातच सामान बांधून परत आली, त्यांच्यात फरक शेतीच्या ज्ञानाचा नव्हता. तो पाण्याचा, छपराचा आणि निघण्याच्या मुहूर्ताचा होता. म्हणून उत्तरात शेतीचा क्रम शेवटी येईल, याचे वाईट वाटून घेऊ नका.

आधी मुहूर्ताविषयी. जून हा नवख्या कुटुंबाने गावी बिऱ्हाड थाटण्याचा सर्वांत वाईट महिना आहे. मुंबईत पाऊस कमी पडतो असे नाही, पण मुंबईत पावसाळा रस्त्यावर असतो आणि कोकणातल्या जुन्या घरात तो माजघरापर्यंत येतो. रत्नागिरी जिल्ह्यात हंगामात 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि त्यातला मोठा वाटा जून-जुलै-ऑगस्टमध्ये कोसळतो. त्या काळात सुतार मिळत नाही, कौले चढवायला माणूस मिळत नाही, वाडीतली सगळी हातपाय चालणारी माणसे चिखलात उतरलेली असतात आणि तुमच्या ओल्या भिंतीकडे पाहायला कोणालाही सवड नसते. लाकूडफाटा, तांदूळ, मसाला, सुकी मासळी, कोकम ही आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, ज्यांनी मेअखेर भरली नाही, त्यांना जुलैत दर चार दिवसांनी भर पावसात बाजार गाठावा लागतो. बाळाची दुपटी तीन-तीन दिवस वाळत नाहीत. अशा वेळी नव्या जागी आलेल्या आईची जी दमछाक होते, तिचा दोष पुढे गावाला दिला जातो.

म्हणून माझा सल्ला असा की, या मे महिन्यात आठ-दहा दिवस गावी जाऊन फक्त पाहणी आणि दुरुस्ती करावी; गणपतीला नेहमीप्रमाणे जाऊन घराने पावसाळा कसा काढला ते पाहावे; आणि बिऱ्हाड दिवाळीनंतर हलवावे. दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरले, की हवा कोरडी असताना तुमचा संसार बसतो, भात कापून रिकाम्या झालेल्या मळीत पहिले सोपे पीक घेता येते, शिमग्यापर्यंत वाडीची ओळख होते, आणि पावसाळा येतो तेव्हा तुम्ही सात महिन्यांचे जुने रहिवासी असता. शेवटी स्वतःचे भात कापून परत यायचे. शाळेच्या वर्षाशी हे जुळत नाही, पण तुमच्या मुलीच्या वयाला त्याने काही बिघडत नाही. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. तिची ती अट पुढच्या वर्षी पूर्ण होत नाही, त्याच्या पुढच्या वर्षी होते. तोपर्यंत तुम्ही परतलेले असाल. मुंबईच्या खासगी बालवाडीतली जागा मात्र सुटेल, आणि ती पुन्हा मिळेल असे गृहीत धरू नका.

आता मेमधल्या पाहणीत पाणी कसे मोजायचे ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथे अंदाज कामाचा नाही. कोकणात पाऊस एवढा पडूनही एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, कारण जांभ्याचा दगड पाणी धरून ठेवत नाही. ते झिरपून उतारावरून समुद्राकडे निघून जाते. नोव्हेंबरात काठोकाठ दिसणारी विहीर मेमध्ये काय देते, हे मेमध्येच कळते. तुमच्या विहिरीचा व्यास टेपने मोजा. दहा फूट, म्हणजे साधारण 3 मीटर असेल, तर पाण्याच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ 7 चौरस मीटर होते आणि पातळीतला प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे 70 लिटर पाणी. संध्याकाळी पंपाने पातळी 30 सेंटिमीटर खाली येईपर्यंत, म्हणजे सुमारे 2100 लिटर, पाणी उपसा. दोराला दगड बांधून पातळीच्या जागी दोराला गाठ मारा आणि पहाटे कोणी घागर बुडवण्याआधी पुन्हा मोजा. रात्रीत 10 सेंटिमीटर चढली असेल, तर विहीर रात्रीला 700 लिटर देते. विहीर सामाईक असेल, तर हा उपसा करण्यापूर्वी भावकीला विचारलेच पाहिजे. मे महिन्यात न विचारता पंप लावणाऱ्या माणसाला वाडी पुढची दहा वर्षे विसरत नाही.

हे 700 लिटर पुरतात का? शहरासाठी माणशी दिवसाला 135 लिटर असा हिशेब धरतात. जलजीवन मिशनच्या नळयोजनेत ग्रामीण भागासाठी तो 55 लिटर आहे. चार माणसांना पहिल्या हिशेबाने 540 आणि दुसऱ्या हिशेबाने 220 लिटर लागतील. घर निभावते. पण एप्रिलच्या उन्हात एक गुंठा भाजी दिवसाला 400 ते 500 लिटर पाणी पिते, म्हणजे तुमच्या कुटुंबाएवढेच. पाणी दोन्हीकडे पुरणार नसेल, तर मार्चनंतर परसात भाजी ठेवायची नाही, हे आताच ठरवून टाका. नळयोजना आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तिचा स्रोत कोणता आणि मेमध्ये पाणी किती दिवसांआड येते, हे सरपंचांना विचारू नका, नळावर पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा. दोन हजार लिटरची टाकी जोत्यापेक्षा उंच जागी बसवून घेतली, की अर्धी चिंता मिटते.

पाण्याचा दुसरा भाग शुद्धतेचा. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर दूर हवा, आणि जांभ्याच्या सच्छिद्र कातळात त्याहून अधिक असला तर बरे. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात विहिरीत सगळ्या वाडीचे धुवण उतरते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर टाकतो ती सार्वजनिक विहिरीत. घरच्या विहिरीचे तुम्हालाच पाहावे लागते. पावडर किती ताजी आहे त्यावर प्रमाण अवलंबून असते, साधारणपणे हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम. वर मोजलेल्या विहिरीत 2 मीटर पाणी असेल, तर ते 14 हजार लिटर भरते, म्हणजे 35 ते 70 ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि निदान तासभर उपसा करू नये. हे करूनही मुलांना पाणी उकळूनच द्यावे.

आणि विहिरीचा कठडा. साप, विंचू, बिबट्या यांच्याविषयी मुंबईची माणसे पुष्कळ विचारतात. रांगत्या-चालत्या मुलाला सर्वांत मोठा धोका उघड्या पाण्याचा असतो, हे मात्र फार थोडी विचारतात. कठडा तुमच्या कमरेपेक्षा उंच नसेल, तर मेमध्येच गवंडी लावून तो वाढवा आणि वर कुलूप लागणारी लोखंडी जाळी बसवा. त्यासाठी नोव्हेंबरची वाट पाहू नका.

छपराचे काम गवंड्याकडून नव्हे, तर कौले चाळणाऱ्या जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. मंगलोरी कौले असतील, तर फुटकी बदलायची, वासे आणि रिपा वाळवीसाठी ठोकून पाहायच्या. टोकेरी लोखंडाने टोचल्यावर भुसा पडला, तर तो वासा बदलायचाच. वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला पूर्वी नारळीच्या झावळ्यांचे झाप बांधत. आता बहुतेक ठिकाणी पत्रा किंवा प्लॅस्टिक लावतात. काहीही लावा, पण लावा, कारण मातीच्या भिंतीला झड लागली की आतली खोली दसऱ्यापर्यंत वाळत नाही. माझ्या मते सगळे घर नीट करण्याच्या भरीस न पडता एक माजघर, एक स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एवढेच कोरडे आणि चांगले करावे; बाकीचे घर जसे आहे तसे राहू द्यावे. चुलीचे आकर्षण असते, परंतु एका वर्षाच्या मुलाच्या छातीला धूर सोसत नाही. स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळीचे पाणी बाहेरच्या चुलीवर, अशी वाटणी ठेवावी.

दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी कागद पाहा. जमिनीचा सातबारा आणि आठ-अ, घराचा ग्रामपंचायतीकडील नमुना 8 आणि विजेचे बिल, हे सगळे बहुधा सासऱ्यांच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर निघेल आणि सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे असतील. एका वर्षासाठी राहायला याने अडत नाही. मात्र सासऱ्यांनी आपल्या भावांना आणि चुलतभावांना स्वतः फोन करून ‘मुले वर्षभर राहणार आहेत, घराला एवढे करणार आहेत, जमिनीत दहा गुंठे भात लावणार आहेत’ असे सांगणे आवश्यक आहे. सुनेने सांगणे आणि थोरल्यांनी सांगणे यात गावी फार अंतर पडते. सामाईक जमिनीत नारळ, आंबा, काजू यांसारखे दीर्घायुषी झाड लावू नये, कुंपण घालू नये. तुमच्या मनात नसले, तरी त्याचा अर्थ वाटणीचा घेतला जातो. त्याचप्रमाणे जुने आंब्याचे, फणसाचे किंवा सागाचे झाड घरावर आले म्हणून परस्पर तोडू नये; 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार त्याला परवानगी लागते.

गावाची मुंबईतली शाखा हा तुमचा पहिला दरवाजा आहे. तुमच्या वाडीचे मंडळ मुंबईत असणारच. अशा मंडळांच्या सभा अजूनही परळ-लालबागकडच्या एखाद्या शाळेत किंवा हॉलमध्ये होतात. यजमानांनी एकदा तिथे जाऊन वर्गणी भरावी आणि बेत सांगावा. गावी पोहोचण्याआधी बातमी पोहोचलेली असावी आणि ती तुमच्याच तोंडून गेलेली असावी. गणपती-शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याचा मान वेगळा आणि भाद्रपद संपल्यावरही चूल पेटती ठेवणाऱ्या घराशी असणारे नाते वेगळे. मयतीला जाणे, लग्नघरी कामाला उभे राहणे, पालखी दारात येईल त्या दिवशी घर बंद न ठेवणे, एवढ्यावर पुष्कळ जमते. ग्रामसभेला बसावे, पण तुमचे नाव मुंबईच्या मतदारयादीत आहे, तेव्हा ऐकून घ्यावे. गावाला सुधारण्याच्या सूचना पहिल्या वर्षी कोणी करू नयेत असे माझे ठाम मत आहे; दुसऱ्या वर्षीही थांबलेलेच बरे.

मुलीला अंगणवाडीत घालावे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ती आहेच, आणि गावातल्या मुलांची ओळख होण्याचा दुसरा मार्ग नाही. तिथे अक्षरओळख किती होईल, हे सेविकेवर अवलंबून राहील; गाणी, खेळ आणि शेजारच्या काकीच्या घरी हक्काने जेवायला बसण्याचे धाडस ती नक्की शिकेल. मुलाच्या 16 ते 24 महिन्यांच्या लसी, म्हणजे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर, तसेच मुलीचा पाच वर्षांचा त्रिगुणी बूस्टर या वर्षभरात येतात. लसीकरणाचे कार्ड बरोबर न्यावे आणि पहिल्याच आठवड्यात आशाताईंकडे दोघांची नावे नोंदवावी. उपकेंद्रातल्या लसीकरणाचा ठरलेला वार त्याच सांगतील.

आजारपणाचे नियोजन मुंबईतल्या सवयीने करू नका. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय दिवसा एकदा स्वतः जाऊन पाहा आणि दोनच प्रश्न विचारा: रात्री डॉक्टर कुठे असतात आणि सर्पदंशाची प्रतिलस आज शिल्लक आहे का. 108 ची रुग्णवाहिका तुमच्या पाखाडीच्या कोणत्या टोकापर्यंत येते, तेही पाहून ठेवा आणि वाडीतल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर भिंतीवर लिहा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांपैकी फुरसे जांभ्याच्या कातळावर आणि दगडांच्या गडग्यात जास्त सापडते. ते लहान असते आणि पानांच्या रंगात मिसळून जाते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तर दंशाची वेदना बहुधा जाणवतही नाही. म्हणून मुलांना खाली झोपवू नये. पलंग भिंतीपासून सुटा ठेवून मच्छरदाणी गादीखाली खोचावी. लाकडांची रास घराला लागून रचू नये. दंश झालाच, तर हातपाय फळीला सैल बांधून हलू न देता थेट रुग्णालय गाठावे. घट्ट आवळणे, चिरणे, चोखणे यात वेळ आणि अवयव दोन्ही जातात.

विंचवाकडे त्यामानाने दुर्लक्ष होते. कोकणातला लाल विंचू लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. मूल घामाने डबडबले, हातपाय गार पडले, उलट्या होऊ लागल्या, तर दुखणे कमी आहे म्हणून थांबू नये. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी याच भागात काम करून प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यानंतर विंचूदंशाने होणारे मृत्यू पुष्कळ घटले. पण त्यासाठी मूल वेळेत डॉक्टरांपुढे यावे लागते. शेतातल्या चिखलात उतरताना पायाला जखम असेल, तर गमबूट घालावे, आणि पंधरवड्याच्या आत ताप आला, तर ‘मी भातलावणीला उतरले होते’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण लेप्टोस्पायरोसिसची शंका त्या वाक्यावरून येते.

यजमानांच्या कामाविषयी एकच सांगतो. घरात इन्व्हर्टर बसवला म्हणजे काम चालू राहते, असा समज असतो. वीज गेल्यावर काही तासांनी मोबाइलच्या टॉवरची बॅटरीही उतरते आणि मग घरात दिवे असूनही नेट नसते. जुलैत असे दिवस येतात. संगमेश्वरला किंवा रत्नागिरीला बसून काम करता येईल अशी एखादी जागा हेरून ठेवावी आणि कार्यालयाला आधीच कल्पना द्यावी. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात, तेव्हा लॅपटॉपची आणि राऊटरची पिन काढून ठेवणे हा वाडीतला शिरस्ता पाळावा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे, विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲपही फोनमध्ये असू द्यावे.

आता शेती. नोव्हेंबरात भात कापलेल्या मळीत ओल असते. तिच्यावर कुळीथ किंवा पावटा पेरा. पाणी द्यावे लागत नाही, खत फारसे लागत नाही आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये डब्यात भरायला काहीतरी मिळते. पहिल्या पिकाने अपयश द्यायचे नसते, एवढ्यासाठी हे निवडले आहे. भाजी म्हणजे हिवाळ्यात माठ, मुळा, वांगी, मिरची आणि पावसाळ्यात मांडवावर पडवळ, शिराळी, कारली, काकडी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण श्वेता, कोकण हरिता आणि कोकण तारा या पडवळ, शिराळी आणि कारल्याच्या जाती या हवेत चांगल्या येतात. पण वानर आणि माकडे यांचा हिशेब न धरता बाग आखू नका. ज्या वाडीत ती रोज येतात, तिथे मांडवावरची काकडी तुमच्या ताटात येणे हा योगायोग असतो. म्हणून अर्ध्या जागेत हळद लावावी, तिला ती सहसा तोंड लावत नाहीत.

भात दहा गुंठ्यांच्या पुढे लावू नये. कोकणात गुंठ्याला साधारण 25 ते 35 किलो भात धरावे, म्हणजे दहा गुंठ्यांत अडीचशे ते साडेतीनशे किलो. गिरणीवर भरडून त्याचे दीडशे ते सव्वादोनशे किलो तांदूळ होतात. दोन मोठी माणसे आणि दोन लहान मुले यांना वर्षाला ते पुरतात. पैशाच्या दृष्टीने पाहाल, तर मजुरी धरून हा तांदूळ दुकानातल्या तांदळापेक्षा महाग पडेल, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. दहा गुंठ्यांना चार-पाच किलो बी आणि एक गुंठा तरवा, म्हणजे रोपांची जागा, पुरतो. बी पेरण्यापूर्वी दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ओता आणि ढवळा. जे तरंगेल ते काढून कोंबड्यांना टाका, जे बुडेल ते दोनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. हे काम मुलीकडून करून घेण्यासारखे आहे. पोकळ दाणे वर येताना तिला स्पष्ट दिसतील.

जात निवडताना विद्यापीठाच्या पुस्तिकेपेक्षा शेजारची मळी पाहा. हळवे भात लवकर तयार होते म्हणून नवखे लोक ते पसंत करतात. पण सगळ्या शिवारात निमगरवे, म्हणजे मध्यम मुदतीचे, भात उभे असताना तुमचा एकट्याचा तुकडा आधी पिकला, तर पाखरे आणि रानडुकरे तिथेच उतरतात, शिवाय परतीचा पाऊस त्यावर पडतो. शेजाऱ्यांबरोबर पेरा, शेजाऱ्यांबरोबर लावा. लावणीला मजूर शोधण्याऐवजी सावडीने जा: तुम्ही दोघे त्यांच्या शेतात दोन दिवस, ते तुमच्याकडे एक दिवस, कारण तुमच्या हाताचा वेग निम्मा आहे आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेल्या सगुणा राईस तंत्रात चिखलणी आणि लावणी वाचते, आणि मनुष्यबळ कमी असलेल्यांना ते सोयीचे आहे. परंतु त्यात तणनाशकाची फवारणी करावी लागते. अंगणात लहान मूल आणि पहिलेच वर्ष, अशा स्थितीत मी तुम्हाला ते सुचवणार नाही.

गाय घेऊ नका. कोकण कपिला ही इथली गाय काटक आहे, पण दूध दिवसाला दोन-अडीच लिटरच्या आसपास, आणि तिच्यासाठी वर्षभर कोणीतरी घरी असावे लागते. मुंबईत लग्न निघाले की गायीचे काय, हा प्रश्न येतो, आणि परतताना तिला विकणे मुलीला सोसणार नाही. शेजारच्या गोठ्यातले दूध रतीबाने घ्या आणि मुलीला धारेच्या वेळी तिथे पाठवा. पाच-सहा कोंबड्या हव्या तर ठेवा, मात्र खुराड्याला रात्री कडी लावायला विसरू नका. मुंगूस आणि कांडेचोर (उदमांजर) विसरत नाहीत.

तुम्ही विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते असे एक आहे. यजमान दिवसभर पडद्यासमोर आणि तुम्ही दोन मुलांसह घरात, अशी वाटणी झाली, तर गावातले वर्ष तुमच्या एकटीच्या वाट्याला येईल. वाटणी अशी करा की, सकाळचे दोन तास मुले त्यांच्याकडे आणि तुम्ही शेतात किंवा गावात. बचत गटाच्या बायकांत, नदीवर, गिरणीवर जी ओळख होते, ती पडवीत बसून होत नाही. महिन्या-दीड महिन्याने तुम्ही एकटीने दोन दिवस माहेरी जाऊन यावे. दिवा-सावंतवाडी गाडी आहे, रात्रीची एसटी आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते आणि गाड्या सावकाश चालतात, गणपतीची तिकिटे खिडकी उघडताच संपतात. तेवढे धरून चाला.

राहता राहिला बोरिवलीचा फ्लॅट. तो भाड्याने दिला, तर गावचा बहुतेक खर्च त्यातून निघेल. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच हवा, आणि घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी बिनवापर शुल्क म्हणून सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त आकारू शकत नाही. प्रथेप्रमाणे करार अकरा महिन्यांचा होतो. नोव्हेंबरच्या मध्यावर तुम्ही निघाल, तर करार 1 डिसेंबरपासून करा. तो 31 ऑक्टोबरला संपेल आणि भात झोडून, भरडून होईपर्यंत रंगाऱ्याला दोन आठवडे मिळतील. मुलीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी मुंबईतल्या बऱ्याच शाळांचे अर्ज हिवाळ्यातच सुरू होतात, म्हणून कागदपत्रांत मुंबईचा पत्ता बदलू नका आणि तिच्या जन्मदाखल्याची प्रत गावी नेण्याऐवजी माहेरी ठेवा. अर्जाची तारीख चुकवायची नसेल, तर आजी-आजोबांपैकी कोणाला तरी ते काम आधीच सोपवून निघा.